एका विरजणातले दोन ‘प्युर-ई’ : डोमेनच्या नावावरून एन्झाइमचे काम ठरवताना

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले हे प्रकरण आहे. तासगाव तालुक्यातल्या म्हशीच्या दुधाच्या घरगुती विरजणातून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक जिवाणू वेगळा काढला होता. एमआरएस आगरवर (लॅक्टिक आम्ल जिवाणूंसाठीच्या पोषक माध्यमावर) पांढऱ्या, गुळगुळीत वसाहती, ग्रॅम-पॉझिटिव्ह दांडे, कॅटलेज नाही. १६-एस या जिवाणू ओळखण्याच्या जनुकावरून उत्तर ‘प्लँटारम किंवा त्याच्या जवळचा’ इथपर्यंतच आले. ते अपेक्षितच होते, कारण प्लँटारम, पेंटोसस आणि पॅराप्लँटारम या तिघांचे १६-एस जवळजवळ सारखेच असते आणि त्यासाठी निदान रेक-ए जनुक तरी पाहावे लागते. पुढे पूर्ण जीनोम बाहेरून वाचून आणला तेव्हा लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम हे नक्की झाले. २०२० पर्यंत याचे नाव लॅक्टोबॅसिलस प्लँटारम होते, आणि जुन्या डेटाबेसमध्ये अजूनही तेच सापडते.

प्रकल्पातला एक तक्ता असा होता : हा जिवाणू प्युरीन, म्हणजे डीएनए-आरएनएला लागणारे ॲडेनीन-ग्वानीनसारखे घटक, स्वतः बनवू शकतो का? पीआरपीपी या सुरुवातीच्या रेणूपासून आयएमपी या पहिल्या पूर्ण प्युरीन रेणूपर्यंतच्या प्रत्येक पायरीपुढे जनुक लिहायचे आणि पायऱ्या सलग आहेत का ते बघायचे. एआयआर या मधल्या रेणूवर कार्बोक्सिल गट बसून सीएआयआर होण्याच्या पायरीपुढे विद्यार्थिनीने दोन जनुके लिहिली. दोन्हींपुढे नाव ‘एआयआर कार्बोक्सिलेज’ आणि ईसी क्रमांक (एन्झाइमच्या कामाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ४.१.१.२१. खाली शेरा होता : जनुक दुहेरी, त्यामुळे प्युरीननिर्मितीची क्षमता जास्त.

मार्गदर्शक बाईंनी तक्ता पाहून एवढेच विचारले, ‘दुसऱ्याची लांबी किती आहे गं?’

‘दोनशे चाळीसच्या वर आहे, मॅडम. पहिला एकशे साठच्या आसपास.’

‘मग उरलेली ऐंशी अमिनो आम्लं काय करतात, ते आधी शोध.’

पुढचे सगळे या प्रश्नातून निघाले.

पायरी नेमकी काय आहे

या पायरीचे रसायन जीवसृष्टीत दोन प्रकारे होते. माणसासह सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत एआयआरवर कार्बन डायऑक्साइड थेट बसतो. ते काम करणारे एन्झाइम म्हणजे प्युर-ई. इथला प्युर-ई दुसऱ्या वर्गाचा, आणि तो पुढच्या पायरीच्या एन्झाइमला जोडूनच येतो. पीएआयसीएस नावाचे हे दुहेरी प्रथिन आहे. बहुतेक जिवाणूंत आणि यीस्टमध्ये मात्र आधी प्युर-के हे दुसरे एन्झाइम एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्च करून बायकार्बोनेटपासून एन-५-सीएआयआर बनवते आणि मग पहिल्या वर्गाचा प्युर-ई तोच कार्बोक्सिल गट नायट्रोजनवरून कार्बनवर सरकवतो. म्हणून पृष्ठवंशीयांत पीआरपीपी ते आयएमपी हा रस्ता दहा पायऱ्यांचा, तर जिवाणूंत अकरा पायऱ्यांचा. यीस्टमध्ये प्युर-के आणि प्युर-ई हे दोन्ही भाग एकाच एडीई-२ प्रथिनात असतात. एडीई-२ बिघडलेल्या यीस्टच्या वसाहती कमी ॲडेनीनवर लाल दिसतात. साठलेल्या एआयआरपासून तयार झालेल्या रंगद्रव्याचा तो रंग.

याचा तक्त्यावर थेट परिणाम होतो. ४.१.१.२१ हा क्रमांक दुसऱ्या वर्गाचा आहे, पहिल्या वर्गाचा क्रमांक ५.४.९९.१८. म्हणजे विद्यार्थिनीच्या दोन ओळींपैकी जी बरोबर होती तिचाही क्रमांक चुकला होता. जिवाणूत प्युर-ई दिसला की शेजारी प्युर-के आहे का ते पाहावे. असला, तर ५.४.९९.१८ लिहावे. नसला, तर मात्र घाई नको, कारण ट्रेपोनेमा डेंटिकोलासारख्या जिवाणूत दुसऱ्या वर्गाचा प्युर-ई आहे. या विरजणी जिवाणूत प्युर-के अगदी खेटूनच होता, त्यामुळे हा प्रश्न लगेच मिटला.

दोन ओळी कुठून आल्या

दोन्ही प्रथिनांवर पीफॅम या प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसमधले एकच डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा तुकडा) लागले : पीएफ००७३१, नाव ‘एआयआर कार्बोक्सिलेज’. दोन्हींचे गुण ठरलेल्या उंबरठ्याच्या वर होते, म्हणजे शोध चुकला नव्हता. चूक झाली ती पुढे, डोमेनवरून ईसी क्रमांक देणाऱ्या तयार यादीत. पीफॅमचे कुटुंब म्हणजे समान पूर्वज असलेल्या तुकड्यांचा गट. त्यातल्या ज्या सदस्याचे काम आधी उमगले त्याचे नाव सगळ्या गटाला चिकटते. घराण्याचे नाव पाटील म्हणून घरातला प्रत्येकजण गावची पाटीलकी करत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. इथे सांगावे लागते.

ब्लास्टनेही, म्हणजे डेटाबेसमध्ये सारखे अनुक्रम शोधणाऱ्या प्रोग्रॅमनेही, मदत केली नाही, उलट गोंधळ वाढवला. दुसऱ्या प्रथिनाचे अगदी जवळचे जुळे भराभर सापडले आणि त्यातल्या कित्येकांपुढे ‘फॉस्फोरायबोसिल-अमिनोइमिडाझोल-कार्बोक्सिलेट कार्बोक्सिलेज’ असे लांबलचक नाव होते. एवढी जुळणी आणि एवढे समान नाव पाहून कुणाचाही विश्वास बसेल. पण ती नावे प्रयोगातून आलेली नाहीत, एका जीनोमवरून दुसऱ्यात उतरत आली आहेत. २०१६ पूर्वी जमा केलेल्या जीनोममध्ये खऱ्या कामाचे नाव असणे शक्यच नव्हते, कारण या प्रथिनाचे खरे काम तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हते. ब्लास्टमध्ये शंभर ओळी सारख्या दिसल्या तर ते शंभर पुरावे नसतात, एकाच पुराव्याच्या शंभर प्रती असू शकतात. म्हणून अशा वेळी स्विसप्रॉटपुरता शोध मर्यादित करावा. तिथली नोंद माणसाने वाचून तपासलेली असते. तिथे शोध घेतल्यावर पहिल्याच ओळीत नाव आले : लार-बी.

लार-बी काय करतो

लॅक्टेट रेसिमेज, म्हणजे लार-ए, हे एन्झाइम एल-लॅक्टेट आणि डी-लॅक्टेट या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या रूपांची अदलाबदल करते. त्याला निकेल असलेला एक खास सहघटक लागतो : निकेल-पिन्सर न्यूक्लिओटाइड. २०१४ मध्ये प्लँटारमवरच्याच कामातून हे निकेलवर चालणारे एन्झाइम आणि त्याची घडण करणारी साखळी पुढे आली. २०१५ मध्ये सहघटकाची रचना कळली आणि २०१६ मध्ये तो बनण्याच्या पायऱ्या. त्यातली पहिली पायरी लार-बीची. तो निकोटिनिक ॲसिड ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड घेतो, त्यातला एएमपी तोडून टाकतो आणि पिरिडिनियम कड्याच्या पाचव्या कार्बनवर कार्बन डायऑक्साइड बसवतो. त्यानंतर लार-ई स्वतःच्या सिस्टीनमधले गंधक देतो. हे दान एकदाच होते, ते दिल्यावर तो रेणू कायमचा निकामी. शेवटी लार-सी सीटीपी खर्चून निकेल बसवतो. लार-बीचा ईसी क्रमांक २.५.१.१४३.

म्हणजे कार्बन डायऑक्साइड बसवणे दोघांतही आहे आणि न्यूक्लिओटाइडही दोघांत आहे. कुटुंबाचे रासायनिक वळण टिकले, कामाचे ठिकाण बदलले. एनएडीच्या साखळीतला रेणू घेऊन लॅक्टेटसाठी सुटा भाग घडवणाऱ्या या प्रथिनाचा प्युरीनच्या तक्त्याशी काहीही संबंध नाही.

अनुक्रम जवळून पाहताना

इथे खरी मेहनत आहे, आणि फसगतही इथेच होते.

तुलनेसाठी ई. कोलायचा प्युर-ई घ्यावा. १६९ अमिनो आम्लांचा, आठ रेणूंचा जथा करून राहणारा. सुरुवातीला ग्लायसीन-सेरीन-लायसीन-सेरीन-ॲस्पार्टेट अशी माळ येते, तिच्यातला ॲस्पार्टेट १९ व्या जागी. पुढे सेरीन-ॲलानीन-हिस्टिडीन-आर्जिनीन-थ्रिओनीन-प्रोलीन, तिच्यातला हिस्टिडीन ४५ व्या जागी. कार्बोक्सिल गट सरकवताना हा हिस्टिडीन प्रोटॉनची देवाणघेवाण करतो. साहजिकच ‘हिस्टिडीन ४५ टिकला आहे का’ ही चाचणी बहुतेकांच्या डोक्यात आधी येते.

लार-बीच्या मागच्या अर्ध्या भागाची जुळवणी केली तर काय दिसते? ॲस्पार्टेटची माळ आहे, फक्त ग्लायसीन-थ्रिओनीन-सेरीन-ॲस्पार्टेट अशा रूपात. आणि हिस्टिडीन-आर्जिनीन ही जोडीही आहे, ग्लायसीन-ल्युसीन किंवा ग्लायसीन-आयसोल्युसीनच्या मागोमाग. म्हणजे ज्या दोन खुणांवर सगळे विसंबतात, त्या दोन्ही लार-बीत जवळपास जागच्या जागी! नुसत्या या दोन खुणा तपासून कुणी ‘सक्रिय स्थळ शाबूत’ असा शेरा मारला तर त्याला पद्धत पाळल्याचे समाधान मिळेल आणि उत्तर मात्र चुकेल. टिकलेल्या अवशेषांची (म्हणजे त्या त्या जागच्या अमिनो आम्लांची) यादी अर्धीच माहिती देते. तो अवशेष या कामासाठीच राखलेला आहे, की सगळ्या घराण्यात आहे, हे दोन्ही शाखा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

फरक पुढे आहे. खऱ्या प्युर-ईत १०० व्या जागेनंतर मेथिओनीन-प्रोलीन-आर्जिनीन-ग्लायसीन-आयसोल्युसीन-प्रोलीन-व्हॅलीन असा पट्टा येतो. लार-बीत तो नाही. तिथे ग्लायसीन-टायरोसीन-ग्लायसीन-ॲलानीन-सेरीन-फेनिलॲलानीन-ग्लायसीन असा लवचीक पट्टा आहे आणि त्याच्या पुढे ॲस्पॅराजीन-सेरीन-सिस्टीन-ॲलानीन. हा सिस्टीन प्लँटारमच्या लार-बीत २२१ व्या जागी असून तो पिरिडिनियम कड्याशी सहसंयुज बंध करतो. प्युर-ईला असा सिस्टीन लागतच नाही. आणि बाईंनी विचारलेली ती ऐंशीएक अमिनो आम्ले लार-बीच्या पुढच्या टोकाला आहेत. पीएफ००७३१ त्यांना स्पर्शही करत नाही.

जुळवणी करताना हे सांभाळावे. फक्त दोन अनुक्रम घेऊन जुळवणी करू नये, दोन्ही शाखांचे दहा-पंधरा, दूरदूरच्या जातींतले, काम सिद्ध झालेल्यांसह घ्यावेत. लार-बीचा पुढचा भाग कापून मागचा डोमेनच घ्यावा, नाहीतर मॅफ्ट हे जुळवणीचे सॉफ्टवेअर ती ऐंशी अमिनो आम्ले प्युर-ईच्या सुरुवातीवर ताणून बसवते आणि ॲस्पार्टेटची माळच सरकते. याच्या नेमका उलटा घोळ जनुक ओळखणाऱ्या प्रोग्रॅममुळे होतो : आरंभ-कोडॉन चुकीचा, उशिरा धरला गेला तर लार-बी आखूड होऊन प्युर-ईएवढाच दिसू लागतो आणि लांबीचा इशाराच नाहीसा होतो. डीएनएच्या पातळीवर मागे जाऊन रायबोसोम बसण्याची जागा कुठे आहे ते बघावेच.

रचनेवरून काही ठरवू पाहणाऱ्यांना एक सूचना. अल्फाफोल्डने वर्तवलेले रचनेचे मॉडेल घेऊन फोल्डसीक या रचना जुळवणाऱ्या साधनावर टाकले तर लार-बीचा मागचा भाग प्युर-ईवरच जाऊन बसतो. बसणारच, घडी एकच आहे. चित्र सुंदर दिसते आणि प्रबंधात छापावेसे वाटते, पण या प्रश्नापुरते ते आधीची चूकच रंगीत करून दाखवते.

डोमेनपेक्षा कुटुंबाच्या अरुंद मॉडेलवर भर द्यावा. टिगरफॅम ०११६२ हे प्युर-ईपुरतेच मॉडेल आहे, एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती केंद्राकडे लार-बीचे स्वतंत्र मॉडेल आहे. सीओजी या जनुकगटांच्या यादीतही दोघांचे खाते वेगळे : प्युर-ई ००४१ मध्ये, लार-बी १६९१ मध्ये. गंमत म्हणजे १६९१ चे जुने वर्णन ‘प्युर-ईशी संबंधित प्रथिन’ असे होते. लिहिणाऱ्याने ‘संबंधित’ हा शब्द जपून वापरला होता, पुढच्यांनी तोच तेवढा गाळला.

शेजार

जिवाणूत जनुकाचा शेजार हा स्वस्त आणि दमदार पुरावा. पहिल्या जनुकाच्या पुढे प्युर-के, प्युर-सी, प्युर-एस, प्युर-क्यू, प्युर-एल अशी रांग थेट प्युर-डीपर्यंत होती. बॅसिलस सबटिलिसमध्येही अशीच रांग असते, फक्त तिथे प्युर-बी रांगेच्या आत आहे, इथे बाहेर. ‘प्युर-बी गायब’ असा शेरा तक्त्यात येता येता राहिला, तो याच कारणाने. रांगेत नसले तर जीनोमभर शोधायचे.

दुसऱ्या जनुकाच्या शेजारी प्युरीनचे काहीच नाही. मागे लार-ए, पुढे लार-सी-१, लार-सी-२, मग लॅक्टिक आम्लाची वाहिनी लार-डी, मग लार-ई. डब्ल्यूसीएफएस-१ या संदर्भ वाणात, ज्याचा सुमारे ३३ लाख बेस-जोड्यांचा जीनोम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, ही रांग ०१०४ ते ०१०९ या क्रमांकांवर आहे. जवळच नियंत्रक लार-आर आणि निकेल आत आणणाऱ्या वाहकाची जनुके. निकेलचा वाहक शेजारी असताना प्युरीनचा विचारच मनात यायला नको.

शेजाराला एक मर्यादा आहे. तुकड्यातुकड्यांत जुळवलेल्या जीनोममध्ये जनुक कॉन्टिगच्या (जुळवलेल्या सलग तुकड्याच्या) टोकाला आले तर शेजार अर्धाच दिसतो. आणि लार-बी, सी, ई ही तिकडी लार-ए नसलेल्या जीनोममध्येही आढळते, कारण हा सहघटक लार-एच्या भाऊबंदांना, दुसरे रेणू हाताळणाऱ्या रेसिमेजांनाही लागतो. तिथे ‘लॅक्टेट’ हा शब्द न लिहिता ‘निकेल-पिन्सर सहघटक निर्मिती’ एवढ्यावरच थांबावे.

वाढीची चाचणी : काय सांगते, काय नाही

विभागात प्युरीनविरहित माध्यमावर वाढ बघायचे ठरले. करावेच, पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते आधी स्पष्ट हवे. वाढ झाली तर सगळी साखळी चालू आहे एवढे कळेल. दोनपैकी कोणते जनुक ते काम करते हे त्यातून कळणार नाही. हाच जिवाणू प्युर-ई नसलेला आणि लार-बी असलेला असता, तर हीच चाचणी निर्णायक ठरली असती.

एमआरएस इथे बाद, कारण यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि मांसाच्या अर्कात प्युरीन भरपूर. ठरावीक घटकांचे माध्यम घ्यावे. नियंत्रणासाठी ॲडेनीन, ग्वानीन, झँथीन प्रत्येकी लिटरला १० मिलिग्रॅम, आणि चाचणीच्या माध्यमातून तिन्ही वगळलेली. ॲडेनीन पाण्यात नीट विरघळत नाही, ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावे. ग्वानीन सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. नंतर माध्यमाचा पीएच पुन्हा बघावा. युरॅसिल आणि आर्जिनीन मात्र दोन्ही माध्यमांत ठेवायचेच. प्लँटारमचे कित्येक वाण ही दोन नसताना जादा कार्बन डायऑक्साइडशिवाय वाढत नाहीत. ‘सगळीच न्यूक्लिओबेस काढून टाकू’ असे केले तर वाढ थांबते ती पिरिमिडीनमुळे, आणि दोष जातो प्युरीनवर.

रात्रभर वाढलेल्या पेशी ५,००० जी वर दहा मिनिटे फिरवून, ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने दोनदा धुवाव्यात आणि १ टक्का पेरणी करावी. पहिल्या पिढीतली, म्हणजे पहिल्या पेरणीतली, वाढ मोजू नये, पेशीत साठलेल्या प्युरीनवर ती होते. शंभरात एक अशी पुन्हा पेरणी करून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर मत द्यावे. इथे तिसऱ्या पिढीतही वाढ टिकली. बरण्या मेणबत्ती लावून ठेवण्याची आपल्याकडची सवय या चाचणीपुरती सोडावी. कार्बन डायऑक्साइड वाढला की एआयआरवर तो एन्झाइमशिवायही थोडाफार बसतो, आणि प्युर-के बिघडलेला जिवाणूही धडधाकट वाटू लागतो.

जनुकनिहाय उत्तर हवे असेल तर प्युर-ई काढलेला ई. कोलाय घ्यावा आणि त्यात दोन्ही जनुके वेगवेगळी घालून एम-९ ग्लुकोज माध्यमावर ॲडेनीनविना वाढवावा. ई. कोलायमध्ये प्युर-ईच्या पाठोपाठ प्युर-के एकाच ऑपेरॉनमध्ये (एकत्र चालू होणाऱ्या जनुकांच्या रांगेत) आहे, म्हणून काढताना मागच्या प्युर-केची अभिव्यक्ती दबली नाही ना, हे ई. कोलायचाच प्युर-ई परत घालून आधी पाहावे. रिकामा प्लाझ्मिड हे दुसरे नियंत्रण. लार-बीने वाढ परत आणली नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. प्रथिन बनलेच नसेल तर? जेलवर सुमारे २६ किलोडाल्टनचा पट्टा दिसला पाहिजे, प्युर-ईचा १८ च्या आसपास. विभागाने हा प्रयोग केला नाही. एका तक्त्याच्या ओळीसाठी तेवढा खर्च आणि वेळ घालणे वाजवी नव्हते.

लार-बीच्या बाजूने लॅक्टेट मोजण्याचा विचारही झाला. नुसत्या वाढीच्या द्रवात डी-लॅक्टेट सापडणे निरुपयोगी, कारण प्लँटारमकडे डी आणि एल या दोन्हींची डिहायड्रोजिनेज आहेत आणि साखरेपासून दोन्ही लॅक्टेट बनतातच. मोजायचे तर पेशी एल-लॅक्टेट देऊन वाढवाव्यात, कारण लार-आर त्यानेच जागा होतो. मग पेशी फोडून, अर्कातली एनएडी गाळून टाकून, एल-लॅक्टेटवर डी किती तयार होतो ते पाहावे. एनएडी राहिली तर दोन डिहायड्रोजिनेज मिळून पायरुव्हेटमार्गे तेच रूपांतर करून दाखवतात आणि रेसिमेजला फुकटचे श्रेय मिळते.

नोंद शेवटी कशी झाली

प्युरीनच्या तक्त्यात त्या पायरीपुढे एकच जनुक उरले : प्युर-ई, पहिला वर्ग, ५.४.९९.१८. आधीच्या पायरीला प्युर-के, ६.३.४.१८. क्षमता जास्त असल्याचा शेरा खोडला. दुसरे जनुक ‘लार-बी, २.५.१.१४३’ म्हणून निकेल-पिन्सर सहघटकाच्या वेगळ्या तक्त्यात गेले. पुराव्याच्या रकान्यात जीन ऑन्टॉलॉजी या जनुककार्यांच्या कोशाचे संकेत लिहिले : अनुक्रमसाम्यासाठी आयएसएस, शेजारासाठी आयजीसी. लार-बीपुढे ‘एन-५-सीएआयआर म्युटेज नाही’ (म्हणजे पहिल्या वर्गाच्या प्युर-ईचे काम नाही) अशी नकारार्थी ओळ आयकेआर या संकेतासह मुद्दाम घातली. महत्त्वाचे अवशेष नाहीत म्हणून अमुक काम नाही, असे सांगण्यासाठीच तो संकेत आहे. नकारार्थी ओळ फार कमी लोक लिहितात. ती नसली की पुढचा माणूस तीच यादी चालवून तेच ४.१.१.२१ पुन्हा चिकटवतो.

त्याच रांगेत एक गोष्ट राहिली होती. प्रोग्रॅमने लार-सी ‘चौकट सरकलेले, बहुधा मृत जनुक’ म्हणून दाखवले होते आणि वाचनाची चूक समजून ते दुरुस्त करण्याची तयारी चालली होती. दुरुस्तीची गरज नव्हती. प्लँटारममध्ये लार-सी-१ आणि लार-सी-२ यांच्या सांध्यावर रायबोसोम ठरवून चौकट बदलतो आणि पूर्ण लांबीचा लार-सी बनतो. जेनबँकेच्या नोंदीत अशा वेळी दोन्ही तुकडे जोडून एकच सीडीएस (प्रथिनाचा संकेत असलेला भाग) द्यायचा, त्यावर रायबोसोमल स्लिपेजची खूण करायची आणि मूळ अनुक्रमातल्या एकाही बेसला हात लावायचा नाही. विभागाने नोंद तशीच पाठवली.